‘आनमेल्डुंग होणार नाही’: एका ओळीपायी गेलेले पाच आठवडे

## पार्श्वभूमी

ओंकार सांगली जिल्ह्यातला. नाव बदललं आहे, घरचे तपशीलही ओळख पटू नये इतपत इकडचे तिकडे केले आहेत. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पुण्यात मेकॅनिकल केलं, चाकणला दोन वर्षं नोकरी केली आणि मग स्टुटगार्टला इंग्रजी माध्यमातल्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. सेमिस्टर 2024 च्या हिवाळ्याचं, म्हणजे 1 ऑक्टोबरपासूनचं.

पोरगा कागदपत्रांत पक्का होता. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं झालेलं एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, त्याने सहा महिने आधीच काढून ठेवलं होतं. मुंबईच्या जर्मन वकिलातीसाठी लागणारे सगळे कागद क्रमाने लावलेले. राहण्या-खाण्याच्या खर्चाची सोय आहे हे व्हिसासाठी दाखवायच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,208 युरो भरलेले. ही रक्कम एकदम वापरता येत नाही, महिन्याला 934 युरो सुटतात. (सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 झाली, म्हणजे महिना 992. ओंकारचा अर्ज त्याआधीचा.) शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे, तीही भरून झाली होती. एज्युकेशन लोन, वडिलांची बचत, सगळं त्यात गेलेलं.

मी इथे शेजारच्या ब्योब्लिंगनमध्ये बारा वर्षं राहते. दर ऑगस्टमध्ये ओळखीच्या ओळखीतून अशा मुलामुलींचे मेसेज येतात, जमेल तशी मदत करते. ओंकारच्या बाबतीत मी दिलेला पहिलाच सल्ला चुकीचा होता. हे प्रकरण लिहिण्याचं मोठं कारण तेच आहे.

## खोली ठरली तो दिवस

विद्यार्थी वसतिगृहासाठी त्याने जूनमध्ये अर्ज केला होता, पण प्रतीक्षा यादी लांबलचक. ऑगस्टच्या मध्यात त्याच्यासमोर दोन खोल्या होत्या.

पहिली ब्योब्लिंगनमध्ये, एका कुटुंबाच्या घरात, 390 युरो. पण भाडं 15 सप्टेंबरपासून सुरू होणार आणि तो येणार 28 ला. म्हणजे न राहता निम्म्या महिन्याचे 195 युरो द्यायचे.

दुसरी फायहिंगनमध्ये. विद्यापीठाचा इंजिनिअरिंगचा परिसर तिथेच आहे, त्यामुळे चालत दहा मिनिटं. आपल्याच एका मराठी मुलाची खोली. तो तीन महिने दुसऱ्या शहरात इंटर्नशिपला चालला होता आणि तेवढ्यापुरता त्याला पोटभाडेकरू हवा होता. भाडं 420, डिपॉझिट 420, ऑक्टोबर ते डिसेंबर. व्हॉट्सअॅपवरच्या त्या जाहिरातीत खोलीचे चार फोटो होते आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘आनमेल्डुंग होणार नाही.’ म्हणजे या पत्त्याची सरकारी नोंद होणार नाही.

ओंकारने मला विचारलं होतं. जपून ठेवल्यासारखा तो मेसेज अजून माझ्या फोनवर आहे. ‘ताई, युनिच्या जवळ मिळतेय. आनमेल्डुंग नाही म्हणतायत, चालेल का?’ मी तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर पडत होते. उत्तर दिलं, ‘आधी डोक्यावर छप्पर घे, बाकीचं आल्यावर बघू.’

त्याने त्याच संध्याकाळी होकार कळवला.

## अडचण

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असते. आणि 1 नोव्हेंबर 2015 पासून त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा एक कागद लागतो. त्याचं जर्मन नाव व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. इतकं लांब नाव कोणी घेत नाही, आम्ही त्याला ‘घरमालकाचा कागद’ म्हणतो. साधा एकपानी फॉर्म असतो: कोण, कुठे, कोणत्या तारखेपासून राहायला आलं, खाली सही.

या एका पानावर पुढचं किती अडून असतं, हे भारतात बसून कळत नाही. ओंकारचं घोडं कुठे कुठे अडलं ते क्रमाने सांगते.

तो आला तेव्हा फॉरेक्स कार्डावर 1,400 युरो होते. पहिल्याच दिवशी भाडं आणि डिपॉझिट मिळून 840 गेले. उरलेल्या 560 मध्ये ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुटेपर्यंत भागवायचं होतं. पण त्याच्या ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना पैसे सोडण्याआधी दोन गोष्टी हव्या होत्या: जर्मनीतलं चालू खातं आणि पत्त्याच्या नोंदीचा दाखला. जवळच्या बँकेत खातं उघडायला गेला, तर तिथेही तोच दाखला मागितला. म्हणजे स्वतःचे दहा लाखांहून जास्त रुपये खात्यात पडून आणि हा सुपरमार्केटमध्ये दह्याच्या डब्याचे पैसे मोजतोय.

मग त्याने फोनवरून उघडता येणारं एक ऑनलाइन खातं काढलं. पासपोर्टवर ते निघालं, खाते क्रमांक मिळाला, कार्ड पोस्टाने येणार होतं. आठ दिवस गेले, दहा गेले. चौकशी केल्यावर कळलं की कार्ड परत गेलं. इमारतीच्या दाराशी टपालपेट्यांची रांग होती आणि त्याच्या खोलीच्या पेटीवर फक्त मूळ भाडेकरूचं आडनाव होतं. इथे पोस्टमन खोली क्रमांक शोधत बसत नाही, कारण बहुतेक इमारतींत खोल्यांना क्रमांकच नसतात. पेटीवर नाव नाही म्हणजे तो माणूस तिथे राहत नाही. पाकीट परत.

आरोग्य विम्याचं पत्रही त्याच वाटेने गेलं. विद्यार्थी विम्याचा हप्ता त्या वर्षी महिन्याला सव्वाशे युरोच्या आसपास होता, तो साचायला लागला. आणि या सगळ्याच्या मागे मोठा प्रश्न उभा होता: व्हिसा 20 जानेवारीला संपत होता. त्याआधी निवास परवान्याचा अर्ज करायचा, आणि तो ज्या गावात नोंद असेल त्याच गावच्या कार्यालयात. नोंदच नाही, तर कोणत्या कार्यालयात जायचं?

14 ऑक्टोबरच्या आठवड्यात लेक्चर्स सुरू झाली. त्या शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला. आवाजावरून कळलं की घरी काही सांगितलेलं नाही. शिल्लक दीडशे युरो होती.

## कोणकोणते पर्याय होते

शनिवारी त्याला घरी जेवायला बोलावलं. वरण-भात झाल्यावर वही काढून बसलो. समोर पाच वाटा होत्या.

मूळ भाडेकरूकडून सही घेणं. ओंकारने त्याला दोनदा फोन केला होता. त्याचं म्हणणं, ‘घरमालकाला मी पोटभाडेकरू ठेवल्याचं सांगितलेलं नाही. कळलं तर माझीच खोली जाईल.’ भीती अगदी खोटी नव्हती. इथे पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी लागते, आणि ती न घेता ठेवला तर करार मोडला जाऊ शकतो.

नोंदणी कार्यालयाला कळवणं. हे फार कमी जणांना माहीत असतं. घर देणाऱ्याने सही नाकारली, तर नोंद करणाऱ्याने ते ताबडतोब कार्यालयाला कळवायचं, असं कायदाच सांगतो. म्हणजे ओंकारची बाजू कायद्याने भक्कम होती. पण कळवलं की मूळ भाडेकरू अडचणीत येणार. तोही आपलाच पोरगा, तिसऱ्या सेमिस्टरचा, त्याच्याही डोक्यावर कर्ज. ओंकार म्हणाला, ‘ताई, त्याने निदान जाहिरातीत लिहिलं तरी होतं. मीच वाचून सोडलं.’ यावर आम्ही बराच वेळ बोललो. हा पर्याय वहीत राहिला, वापरला नाही. बरोबर केलं की चूक, याबद्दल माझं मन अजून एक नाही.

विकतची सही. एका ग्रुपवर कोणीतरी 200 युरोत आपल्या पत्त्यावर नोंद करून देतो म्हणत होता. ‘इतके जण करतात, काही होत नाही,’ हे वाक्य ओंकारने तीन जणांकडून ऐकलं होतं. इथे मी आवाज चढवला. जिथे राहायचं नाही असा पत्ता नोंदीसाठी देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंद करणाराही सुटत नाही. दंड एक वेळ बाजूला ठेवा. निवास परवान्याचं पत्र, बँकेचा पिन, कर क्रमांक, सगळं एका अनोळखी माणसाच्या पेटीत जाऊन पडणार. ज्या पत्रांवाचून तो अडला होता, ती मिळवण्यासाठी दुसऱ्याच्या किल्लीवर अवलंबून राहायचं?

माझ्या पत्त्यावर नोंद. त्याने चाचरत विचारलं. नुसतं नाव लावणं म्हणजे वरचाच प्रकार, फक्त फुकटात. खरंच राहायला आला असता तर गोष्ट वेगळी, पण दिवाळीला सासू-सासरे येणार होते आणि आमचं घर अडीच खोल्यांचं. नाही म्हणताना वाईट वाटलं.

खोली सोडून लांबची पण नोंद होणारी खोली घेणं. यात डिपॉझिट लगेच परत मिळेल याची खात्री नव्हती, नव्या जागेचं डिपॉझिट वेगळं, आणि रोजचा प्रवास. पैसे तर नव्हतेच. तरीही साखळीची पहिली कडी याच वाटेने जोडली जात होती. बाकी सगळ्या वाटा वेळ पुढे ढकलत होत्या.

पाचवा ठरला. आणि त्याच रात्री माझ्या फोनवरून त्याने वडिलांना सगळं सांगितलं.

## काय केलं

सोमवारी तो स्टुडिरेंडनवेर्कच्या सामाजिक सल्ला केंद्रात गेला. वसतिगृहं आणि कँटीन चालवणारी ही संस्था असा मोफत सल्लाही देते. तिथे त्याला दोन उपयोगी गोष्टी कळल्या. एक, घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकंच घेता येतं. मूळ भाडं म्हणजे पाणी, हीटिंग वगळून. दोन, ते तीन सारख्या मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे. हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. दुर्दैवाने तोवर वडिलांनी एफडी मोडून 1,200 युरो पाठवायची तयारी केली होती. हप्त्यांचं आधी कळलं असतं तर निम्म्यावर भागलं असतं.

खोल्या शोधताना त्याने आता नकाशा उलटा धरला. विद्यापीठापासून चालत किती, हे सोडून एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, एस-1 रेषेवर शेवटपर्यंत गेला. हेरेनबर्ग हे तिचं टोक. तिथून विद्यापीठाच्या स्टेशनवर थेट गाडी, साधारण अर्धा तास. 27 वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना राज्यभर आणि देशभर चालणारा पास तेव्हा वर्षाला 365 युरोत मिळत होता. त्यामुळे लांब राहण्याचा खर्च वेळेचा होता, तिकिटाचा नव्हता. नऊ ठिकाणी त्याने लिहिलं. प्रत्येक मेसेजची पहिली ओळ एकच, जर्मनमध्ये: नोंद करता येईल का?

तीन उत्तरं आली, त्यातलं एक हेरेनबर्गच्या एका निवृत्त बाईंचं. घर बघायला मी सोबत गेले होते.

बाईंनी भाड्याआधी विचारलं ते केरवोखबद्दल. या श्वाबेन भागातली ती जुनी पद्धत आहे: जिना आणि घरासमोरची फुटपाथ झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका बिऱ्हाडाकडे जाते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. ओंकारचं जर्मन जेमतेम ए-2, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचं. त्याने तो शब्द पकडला आणि म्हणाला, ‘आमच्याकडे आई रोज सकाळी अंगण झाडते. मला येतं.’ वाक्य व्याकरणात तीन ठिकाणी अडखळलं, पण पोचलं.

मग बाईंनी ओट्यावर फॉर्म ठेवून सही केली आणि कपाटातून लेबल छापायचं छोटं यंत्र काढलं. त्याने पासपोर्ट उघडून आडनाव एकेक अक्षर वाचून दाखवायचं, त्यांनी एकेक बटण दाबायचं. मध्ये एकदा ‘डी’ आणि ‘टी’चा घोळ झाला, पट्टी फाडून पुन्हा पहिल्यापासून. तयार झाल्यावर त्या स्वतः खाली गेल्या आणि टपालपेटीवर पट्टी चिकटवून अंगठ्याने दाबली. तो अजून राहायला यायचा होता, पण पेटी त्याची झाली होती.

भाडं सगळं धरून 400, डिपॉझिट 660, तीन हप्त्यांत 220 प्रमाणे. 1 नोव्हेंबरला तो राहायला गेला. त्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन आणि इथे आलरहायलिगनची सार्वजनिक सुट्टी, म्हणून कार्यालयं बंद. सोमवारी, 4 नोव्हेंबरला सकाळी हेरेनबर्गच्या नगरपालिकेत नोंद झाली. आत जाऊन दाखला घेऊन बाहेर यायला पंधरा मिनिटं लागली.

## पुढे काय झालं

दाखला हातात आल्यावर बाकीच्या गाठी भराभर सुटत गेल्या. ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जमा झाला. बँकेचं कार्ड पुन्हा मागवलं, या वेळी पेटीत पडलं. विम्याचे थकलेले हप्ते भरले. कर क्रमांकाचं पत्र महिन्याअखेर आलं. ते वेळेवर आलं म्हणून बरं, कारण डिसेंबरपासून त्याला एका इन्स्टिट्यूटमध्ये तासांवर काम मिळालं. हा क्रमांक काम देणाऱ्याकडे नसेल तर पगारावर सगळ्यात चढ्या वर्गाने कर कापला जातो.

रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्रही पाठोपाठ आलं, महिना 18.36 युरो. ते बघून तो घाबरला होता. पण हे शुल्क माणशी नसतं, घरटी असतं, आणि बाई ते भरतच होत्या. त्यांचा क्रमांक कळवल्यावर विषय मिटला.

निवास परवान्याचा अर्ज नोव्हेंबरअखेर गेला. व्हिसा संपायच्या आत कार्ड आलं नाही, पण अर्ज मुदतीत असल्यामुळे मधल्या काळासाठी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं. कार्ड फेब्रुवारीत आलं.

नुकसान झालं ते अभ्यासात. प्रयोगशाळेचे गट ऑक्टोबरमध्ये ठरले तेव्हा तो बँकांच्या रांगेत होता, त्यामुळे तो विषय एक वर्ष पुढे गेला. पाचापैकी तीनच परीक्षांना नाव नोंदवलं. तिन्ही सुटल्या, एक 3.7 वर. इथे 1.0 सर्वांत वरचा आणि 4.0 पास होण्याची शेवटची पायरी, म्हणजे जेमतेमच. फायहिंगनच्या खोलीचं डिपॉझिट दोन हप्त्यांत, जानेवारीपर्यंत परत मिळालं.

एप्रिलपासून वसतिगृहात खोली मिळत असल्याचं पत्र मार्चमध्ये आलं. ती त्याने घेतली नाही. हेरेनबर्गलाच राहिला.

## वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाची खरी जागा ऑक्टोबरमधला तो शनिवार नव्हता. ऑगस्टमध्ये, सांगलीत बसून, 195 युरो वाचवायचे की नाही, ती होती. न राहता पंधरा दिवसांचं भाडं देणं कोणत्याही मराठी घरात उधळपट्टीच वाटेल. मला विचारलं असतं तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं. पण त्या पैशांत नोंदीचा कागद येत होता आणि आम्ही दोघांनी त्याची किंमत शून्य धरली.

माझा ‘छप्पर’वाला सल्ला भारतातल्या अनुभवातून आलेला होता. पुण्या-मुंबईत आधी जागा धरायची, कागद मागाहून होतात. इथे क्रम उलटा आहे, हे मला माहीत असूनही घाईत तोंडून जुनंच वाक्य निघालं. आता कोणी खोलीची लिंक पाठवली की मी फोटो उघडत नाही. आधी विचारते की घरमालकाच्या कागदावर सही कोण करणार, त्याचं नाव मूळ करारात आहे का, आणि हे मेसेजमध्ये लेखी दिलंय का. हातात काहीच नसेल, तर नोंद न होणाऱ्या खोलीत तीन महिने अडकण्यापेक्षा पहिले दहा दिवस प्रवाशांच्या हॉस्टेलवर काढावेत, असं माझं मत झालं आहे.

पैशांचा हिशोबही चुकला होता. ब्लॉक्ड अकाउंट भरलं की पहिल्या महिन्याची सोय झाली, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. ते पैसे कधी सुटतील हे दुसऱ्यांच्या कागदांवर ठरतं. दोन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि जेवणखाण भागेल इतकी रक्कम वेगळी आणावी. ओंकारच्या बाबतीत ती साधारण 2,500 युरो झाली असती. आणि टपालपेटीवर नाव पहिल्याच दिवशी लागायला हवं होतं. मूळ भाडेकरूची परवानगी घेऊन चिकटपट्टीवर पेनने लिहिलं असतं तरी कार्ड परत गेलं नसतं.

सल्ला केंद्रातही तो तीन आठवडे उशिरा पोचला. ‘मदत मागायला गेलो तर विद्यापीठात नाव खराब होईल’ अशी त्याची समजूत होती. तसं काही नसतं हे मी त्याला सप्टेंबरमध्येच सांगायला हवं होतं.

फायहिंगनच्या त्या खोलीत नोव्हेंबरमध्ये दुसरा मुलगा यायचा होता, त्याच अटीवर. ओंकारने मूळ भाडेकरूला गाठून त्याच्यासोबत बसून घरमालकाला एक ईमेल लिहिली: इंटर्नशिपमुळे दोन महिने खोली दुसऱ्याला देऊ इच्छितो, परवानगी मिळावी. उत्तर त्याच दुपारी आलं. हरकत नाही, येणाऱ्याचं नाव आणि तारीख कळवा.